सरजाबाई तोंडी ऐकत नाही

नायगाव तालुक्यातल्या बोरगव्हाणात कोतवालाची नोकरी एक बाई करते, असं परगावच्या माणसाला सांगितलं की तो हसतो. बोरगव्हाणचा माणूस हसत नाही. तो कधी ना कधी सरजाबाईच्या तावडीत सापडलेला असतो.

उंचीनं पाच फुटाला दोन बोटं कमी, काठापदराची सुती साडी, खांद्याला रेक्झिनची पिशवी आणि पिशवीत कागदच कागद. तलाठ्याचं टपाल न्यायचं-आणायचं, तहसीलची नोटीस ज्याच्या नावची त्याच्याच हातात देऊन सही किंवा अंगठा घ्यायचा, गावात दवंडी द्यायची, ही तिची कामं. ती कामं ती चोख करी. पण तिला नवं काम सांगणं फार अवघड. कुणी नुसतं म्हणालं, "सरजाबाई, जाता जाता एवढं करून टाका," की ती थांबायची, पिशवी पोटाशी घ्यायची आणि अगदी गोड आवाजात म्हणायची, "करते की. लेखी द्या."

एकदा ग्रामसेवकानं तिला जाता जाता पंखा बंद करायला सांगितलं. ती दारात उभीच राहिली. ग्रामसेवक बघतो, ती बघते, पंखा फिरतोय. शेवटी त्यानं वैतागून एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहिलं, 'पंखा बंद करावा.' सरजाबाईनं ते वाचलं, पंखा बंद केला, पाकिटाची घडी घालून पिशवीत ठेवलं आणि निघाली. त्या दिवसापासून ग्रामसेवक स्वतःचा पंखा स्वतः बंद करू लागला.

ह्या हट्टाच्या मुळाशी तिचा सासरा होता. भीमा त्याचं नाव. निजामाच्या राज्यात मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यानं गावकी केली. गावकी म्हणजे सगळ्या गावाची चाकरी, आणि ती सगळी तोंडी. भीम्या, हे पत्र देगलूरला टाकून ये. भीम्या, ढोर मेलंय, ओढून ने. भीम्या, पाहुण्याच्या घोड्याला वैरण टाक. कुणी सांगायचं, किती सांगायचं आणि कधी थांबायचं, ह्याचा कुठं कागद नव्हता. संध्याकाळी दारोदार फिरून भाकरतुकडा मागायचा, तोही कुणी द्यायचा, कुणी विसरायचा. धम्मदीक्षा घेतली आणि भीमानं गावकी सोडली. गावानं दोन वर्षं त्याला दळणाला, पाण्याला, मजुरीला अडवून बघितलं. तो परत गेला नाही.

पुढं त्याच्या लेकाला तहसीलमधून कोतवालाची नेमणूक आली. त्या संध्याकाळी म्हाताऱ्यानं ते नेमणुकीचं पत्र मागून घेतलं. वाचता येत नव्हतं. गोल शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि लेकाला, सुनेला समोर बसवून म्हणाला, "ही सरकारची चाकरी हाय, गावाची न्हाई. कागदावर हाय तेवढं करा. तोंडी हुकूम ज्याच्या तोंडातून आला त्याच्या तोंडात परत घाला."

लेक पुढं काविळीनं गेला. जागेची जाहिरात निघाली. चौथी पास सरजाबाईनं अर्ज भरला, परीक्षा दिली, दोन बाप्यांना मागं टाकलं आणि नोकरी मिळवली. सासऱ्याचं वाक्य तिनं पदराच्या गाठीत बांधून ठेवलं होतं. गावाला मात्र त्या गाठीचा फार जाच होई.

सगळ्यात जास्त जाच वीरण्णाला. वीरण्णाचं गावात किराणा दुकान. मोठं, दोन शटरचं. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा त्याची बायको उमाबाई निवडून आली, आणि दुसऱ्या दिवसापासून गाव वीरण्णाला 'सरपंच' म्हणू लागलं. उमाबाई उदगीरची लेक, दहावीला फर्स्ट क्लास. वीरण्णाची गाडी नववीतच थांबली होती. तरी पंचायतीचा कागद आला की तो चष्मा लावून वाचायचा, आणि उमाबाई भाकरी थापता थापता ऐकायची. सगळ्या गावात एकटी सरजाबाई त्याला 'अण्णा' म्हणे, आणि उमाबाईला 'सरपंच'. सरपंचाच्या नावची नोटीस आली की ती दुकानावरून सरळ पुढं निघून स्वयंपाकघराच्या दाराशी जायची. पिठाचे हात पुसून उमाबाई सही करायची. वीरण्णा गल्ल्यावर बसून बघत राहायचा.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये सगळं बंद झालं, आणि आदेशांचा असा पूर आला की सरजाबाईची पिशवी फुगून तिची चेन तुटली. साथरोग कायदा, आपत्ती व्यवस्थापन कायदा, कलम एकशे चव्वेचाळीस, कलम एकशे अठ्ठ्याऐंशी. तलाठी मोबाइलवर पाठवी. सरजाबाई नायगावला जाऊन छापील प्रत घेऊन येई. मोबाइलमधल्या कागदाला कागद मानायला ती तयार नव्हती. मग ती बॅटरीवरचा भोंगा काखेला अडकवून गल्लोगल्ली दवंडी देई. आता दवंडी म्हणजे चार वाक्यं. पण सरजाबाईला वाटे, साहेबानं एवढं लिहिलंय ते उगाच का? म्हणून ती डोक्यापासून पायापर्यंत वाची. 'वाचा, क्रमांक एक, दोन, तीन' पासून ते 'प्रत माहितीस्तव सविनय सादर' पर्यंत. म्हाताऱ्या बायका ओट्यावर बसून ऐकत आणि शेवटी एकमेकींना विचारत, "म्हंजी दुकान उघडं का बंद?"

एका दिवशी तर कहर झाला. सकाळी आदेश आला, किराणा सात ते अकरा. दुपारी आला, तीन दिवस सगळं बंद. चारला आला, दुपारचा आदेश रद्द. सरजाबाईनं तिन्ही आदेश आले त्या क्रमानं एका फेरीत वाचले. वीरण्णानं शटर वर केलं, खाली केलं, परत वर केलं आणि पायरीवर बसून कपाळ पुसत म्हणाला, "बाई, शेवटचं तेवढंच सांगत जा ना वो!"

"मधलं लपवू कामून? उद्या कुनी इचारलं तर?"

तिचं खरं भांडण मात्र शटरचं नव्हतं, काट्यांचं होतं. एप्रिल लागता लागता आजूबाजूच्या गावांचं बघून बोरगव्हाणानंही रस्ता बंद केला. वीरण्णानं पुढाकार घेऊन चार बैलगाड्या बाभळीच्या फांद्या आणवल्या आणि फाट्यावरून गावात येणाऱ्या रस्त्यावर आडव्या टाकल्या. पाटी लावली. खाली प्लॅस्टिकची खुर्ची टाकून पाळीपाळीनं माणसं बसू लागली. दूधवाला आला तर कॅन काट्यावरून जाई. पोस्टमन आला तर पत्र काठीला अडकवून. भीती खोटी नव्हती. टीव्हीवर रोज मढी दिसत होती, आणि गावापासून दवाखाना दूर होता.

सरजाबाईला ठाऊक होतं की सरकारी रस्ता असा कुणाला बंद करता येत नाही. तहसीलच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. तिनं दवंडीत तो मुद्दा वाचलाही, पण भोंगा काट्यांपासून लांब होता. मग तिनं तलाठ्याकडं रीतसर लेखी अहवाल दिला, त्याची पोच घेतली आणि उत्तराची वाट बघत बसली. दीड महिना. लोक म्हणतात तशी ती काही फार शूर बाई नव्हती. कागदाच्या आडोशाला उभं राहिलं की तिला धीर येई, आणि कधीकधी तो आडोसा सोडवत नसे. रोज ती काट्यांजवळून जाई, मान खाली घालून.

मे महिन्यात एका सकाळी दहाच्या सुमारास वीरण्णाचा फोन आला. "बाई, भोंगा घेऊन फाट्यावर या. लवकर."

ती गेली. काट्यांच्या अलीकडं वीसपंचवीस माणसं, मास्क हनुवटीवर. पलीकडं पुलाच्या कठड्यावर एक बाई बसलेली, पोट चांगलंच पुढं आलेलं, पाय सुजलेले. शेजारी एक पोरगेला बाप्या दोन पिशव्या घेऊन उभा. सरजाबाईनं त्याला लगेच ओळखलं. प्रेम. गावातल्याच मिस्त्रीचा पोरगा. आईबाप गेल्यावर हैदराबादला बांधकामावर गेला, तिकडंच लग्न केलं. मतदार यादीत त्याचं नाव अजून होतं, सरजाबाईला घरक्रमांकही पाठ होता.

"सरजामावशी!" प्रेम ओरडला. "काम बंद पडलं. मालकानं खोली सोडायला लावली. हद्दीपर्यंत चालत आलो, तिथून ट्रकनं. नाक्यावर तपासलं, हे बघा, शिक्का बी मारला." त्यानं डावा हात वर केला. मनगटाच्या मागं जांभळ्या शाईचा शिक्का होता, खाली तारीख. बाईच्या हातावरही तसाच.

सरजाबाई त्या शिक्क्याकडं बघतच राहिली. कागदावरचे शिक्के तिनं खूप बघितले होते, माणसावरचा पहिल्यांदाच.

वीरण्णा खाकरला. "दवंडी द्या, बाई. बाहेरून आलेल्या कुनालाच गावात प्रवेश न्हाई. ह्यांना माघारी जाऊ द्या."

"देते की. लेखी—"

"ठाव होतं मला!" वीरण्णानं विजयी मुद्रेनं खिशातून कागद काढला. पंचायतीचं लेटरहेड, खाली शिक्का. 'या द्वारे आदेश देन्यात येते की बाहेरील इसमास गावात प्रवेस निषीद आहे.' त्याखाली सही, सौ. उमाबाई.

सरजाबाईनं कागद उन्हाकडं धरला. मग पिशवीतून नोटिशींच्या पोचेची वही काढली, पानं उलटली. "ही सही सरपंचांची न्हाई."

"मग कुनाची हाय?"

"ते तुमीच लेखी द्या. ह्या वहीत सरपंचांच्या अकरा सह्या हायेत. उकाराला खाली शेपटी हाय. तुमच्या उकाराला न्हाई."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. वीरण्णाचं तोंड मास्क नसतानाही झाकल्यासारखं झालं. "अवो, बायकोची सही नवऱ्यानं केली तर काय बिघडलं? रोजच करून राहिलो मी!"

"हे जरा हळू बोला, अण्णा," सरजाबाई म्हणाली, आणि ते तिनं खरंच काळजीनं म्हटलं. "मी सरपंचांना इचारून येते."

जाता जाता तिनं कुणाच्या तरी हातातली पाण्याची बाटली घेतली आणि काट्यांवरून पलीकडं टाकली. ती प्रेमनं झेलली आणि आधी बायकोच्या तोंडाला लावली.

उमाबाई चुलीपुढं होती. सरजाबाई दारात लांबच थांबली आणि सगळं सांगून तिनं कागद पायरीवर ठेवला. उमाबाईनं तो उचलला. बहुतेक पहिल्यांदाच तिच्या नावचा कागद तिनं स्वतः, चष्म्याशिवाय, मधे कुणी न बोलता वाचला. 'निषीद' ह्या शब्दावर तिची भुवई वर गेली.

"मावशी, असं करता येतंय का?"

सरजाबाईनं तहसीलचं पत्र पुढं केलं. "सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीबिगर रस्ता बंद करायचा न्हाई. बाहेरून आलेल्याला शाळेत चौदा दिवस येगळं ठेवायचं. खान्यापिन्याची सोय पंचायतीनं बघायची. तापमान आशाताईनं. आनि जबाबदार कोन, तर..." ती थांबली. "तर सरपंच."

उमाबाईनं ते पत्र दोनदा वाचलं. तव्यावरची भाकर करपल्याचा वास येऊ लागला. "ती बाई कितव्या महिन्यात हाय?"

"आठवा सरला असंल."

उमाबाईनं तवा खाली उतरवला. कपाटातून लेटरहेड काढलं, उभ्या उभ्या चार ओळी लिहिल्या, सही केली, उकाराला शेपटी दिली. मग पदर तोंडावरून घट्ट बांधून ती निघाली. बोरगव्हाणच्या रस्त्यानं उमाबाई नवऱ्याच्या मागून चालताना सगळ्यांनी बघितली होती. एकटी, भरभर, अशी कुणी बघितली नव्हती. मागून येता येता सरजाबाईला धाप लागली.

"अगं, तू कामून आलीस? तू घरी जा, मी बघतो," वीरण्णा म्हणाला.

"तुमी काय बघतावं?" उमाबाईचा आवाज कापत होता, पण ऐकू येत होता. "कागदावर नाव माझं हाय. एकशे अठ्ठ्याऐंशी कलम लागलं तर मला लागंल. पोलिसांच्या गाडीत मला बसवतील. तुमी दुकानातच बसताल."

एवढा बारीक कायदा वीरण्णाच्या ध्यानात आला नव्हता.

ईश्वरप्पा म्हणून एक म्हातारा काठी टेकत पुढं झाला. "सूनबाई, तुझं खरं. पन रोग गावात आला तर? आमी म्हातारी मानसं मरायची ती मरूच. नातवंडं हायेत."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. तीच भीती सरजाबाईलाही होती. उमाबाई म्हाताऱ्याकडं वळली. "मामा, म्हणूनच शाळा. शाळा गावापासून दोन शेतं लांब हाय. चौदा दिवस फाटकाच्या आत कुनी जायचं न्हाई, आतून कुनी यायचं न्हाई. डबा फाटकावर. तिला ह्या उन्हात माघारी लावली आन् वाटंत काही झालं, तर तो रोग आपल्या गावाला जन्मभर चिकटंल."

म्हाताऱ्यानं मान हलवली. होकार होता की नव्हता, कळलं नाही, पण तो बाजूला झाला.

आता काटे काढायचे. सगळे सरजाबाईकडं बघू लागले. ती शांतपणे म्हणाली, "काटे काढायचं काम कोतवालाच्या यादीत न्हाई." उमाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. ज्यानं टाकले त्यानंच काढले. दुसऱ्याच फांदीला काटा तळव्यात घुसला आणि वीरण्णा "आई गं!" म्हणून असा ओरडला की कठड्यावर बसलेली ती बाई इतक्या वेळात पहिल्यांदा हसली.

तिचं नाव रत्नम्मा. बोलणं तेलुगू, मराठी तिला चार शब्दांपलीकडं येत नव्हतं. शाळेच्या दोन खोल्या उघडल्या, गाद्या टाकल्या. आशाताई महामाया रोज लांबूनच ती बंदुकीसारखी तापमापी रोखायची. उमाबाईच्या चुलीवर स्वयंपाक होई आणि डबा पोचवायचं काम, कसं कोण जाणे, वीरण्णाच्या वाट्याला आलं. तो मोटारसायकलवरून येई, डबा फाटकावर ठेवी, दहा पावलं मागं पळे आणि लांबूनच "जेवन!" म्हणून ओरडे. पहिले दोन दिवस तोंड वाकडं. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःहून विचारलं, दही चालतं का. पाचव्या दिवसापासून डब्याबरोबर दुकानातला गुळाचा खडा येऊ लागला. ते तो बायकोला सांगत नव्हता, आणि बायकोला ते पहिल्या दिवशीच कळलं होतं.

सरजाबाईची नेमणूक शाळेच्या फाटकावर. उमाबाईनं लेखी दिली होती. ती बाहेर लिंबाखाली बसे, रत्नम्मा आत व्हरांड्यात. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दिवसभर बोलत. प्रेमला रिकामं बसवेना, म्हणून त्यानं शाळेच्या फुटलेल्या पायऱ्या बांधून काढल्या. सिमेंट फाटकावर, परवानगी लेखी.

अकराव्या दिवशी दुपारी जेवणं आटोपली होती. उमाबाई पाण्याच्या टाकीचं काय करायचं ते बघायला फाटकावर आली होती. आतून रत्नम्मा भिंत धरून उभी राहिली. "अक्का, नोप्पुलु," ती म्हणाली. "नोप्पुलु, अक्का."

सरजाबाईला वाटलं, काही खायला मागतेय. पण उमाबाई उदगीरची. घरात आजी कानडी बोलायची. दुखण्याला कानडीत नोवु म्हणतात हे तिच्या कानात होतं. तिनं रत्नम्माचा चेहरा बघितला आणि ओरडली, "मावशी, कळा सुरू झाल्या!"

ॲम्ब्युलन्सला फोन लावला. गाडी दुसऱ्या गावाला गेलेली, यायला दीड तास तरी. गावात रस्त्यावर धावायचा पास असलेलं एकच वाहन होतं, वीरण्णाचा माल आणायचा छोटा टेंपो. काचेवर चिकटवलेलं, 'अत्यावश्यक सेवा — किराणा.'

सरजाबाई धावली. चौपन्न वर्षांची बाई, पायात स्लिपर, उन्हानं रस्ता तापलेला. वीरण्णा दोरीमागं तुरीची डाळ मोजत होता. चुन्याच्या गोलांत पाचसहा गिऱ्हाईकं उभी.

"अण्णा, गाडी काढा. रत्नम्माला नायगावला न्यायचंय."

आता बघा, दहा-अकरा दिवस त्या माणसाच्या तळव्यातला काटा ठणकत होता. आणि वीरण्णाच्या तोंडून निघून गेलं, "काढतो की. लेखी द्या."

सरजाबाईचा हात सवयीनं पिशवीत गेला. आत कार्बन होता, पेन होतं, कोरे कागद होते. क्षणभर हात तिथंच राहिला. मग तो रिकामाच बाहेर आला.

"तोंडीच सांगते, अण्णा. काढा."

वीरण्णाच्या हातात किल्ली आधीच होती. ती आधी होती की नंतर आली, ह्यावर दोघांचा वाद अजून चालू आहे. तो म्हणतो, मी गमतीनं बोललो. ती म्हणते, गमतीचा चेहरा मला ओळखू येतो, तो नव्हता.

टेंपोत मागं गोधड्या टाकल्या. रत्नम्मा, तिच्या उशाशी उमाबाई, पायाशी प्रेम. सगळ्यांच्या तोंडाला दोन-दोन फडकी. पुढं वीरण्णा आणि सरजाबाई. महामायानं दवाखान्यात फोन करून ठेवला, बाई विलगीकरणातली आहे, वेगळी खोली ठेवा.

नायगावच्या अलीकडं नाका लागला. हवालदारानं पास वाचला, गाडीच्या मागं डोकावला आणि कमरेवर हात ठेवले. "ह्यात किराणा कुठं हाय?"

वीरण्णाला घाम फुटला. "साहेब, ते... म्हंजी माल..."

मागून रत्नम्मा कण्हली. सरजाबाई खाली उतरली. "साहेब, गरोदर बाईला अन् आजाऱ्याला पास लागत न्हाई. आदेशात तिसऱ्या पानावर हाय. दाखवते." आणि तिनं पिशवीतून गठ्ठा काढायला सुरुवात केली. एक गठ्ठा बॉनेटवर ठेवला, दुसरा ठेवला, तिसरा सोडू लागली. "हे मार्चमधलं. हे सुधारित. हे सुधारिताला शुद्धिपत्रक..."

हवालदारानं तो ढीग बघितला, मागं लागलेली वाहनं बघितली आणि बांबू वर केला. "जावा बाई, जावा. फटफटीवर शिट्टी वाजवत पुढं जातो मी, मागून या."

चारच्या सुमाराला मुलगी झाली. दोन किलो सहाशे. दवाखान्याच्या आवारात वीरण्णानं सगळ्यांना लांबूनच पेढे वाटायची भाषा केली. पण मिठाईचं दुकान बंद, म्हणून गुळावर भागलं. तपासणीत तिघांनाही काही निघालं नाही. मुलीचं नाव काय ठेवणार ह्यावर गावात पैजा लागल्या. निम्मं गाव म्हणे उमा, निम्मं म्हणे सरजा. रत्नम्मानं आपल्या आईचं नाव ठेवलं, नरसम्मा. वीरण्णा महिनाभर म्हणत होता, "टेंपो माझा, आन् नाव हैदराबादचं!"

प्रेम परत गेला नाही. शाळेच्या पायऱ्या बघून लोकांनी त्याला कामं दिली. उमाबाई महिन्याच्या सभेला स्वतः जाऊ लागली. सुरुवातीला हळू बोलायची, मग सगळ्यांना ऐकू जाईल एवढं. आता कुणी दुकानात येऊन "सरपंच हायेत का?" म्हणालं, की वीरण्णा न चिडता आत हाक मारतो. काटे पुन्हा कुणी टाकले नाहीत. दुसऱ्या लाटेत गावातली तीन माणसं गेली. त्यात ईश्वरप्पाही होता. त्याच्या मातीला वीसच माणसांची परवानगी होती, आणि ती वीस नावं लिहिताना सरजाबाईनं पहिल्यांदाच दोनदा कागद फाडला.

त्याच्या आधीची, एकवीस सालच्या फेब्रुवारीतली एक गोष्ट राहिली. लस आली. पहिल्या काही दिवसांत ज्यांना द्यायची त्या सरकारी यादीत सरजाबाईचं नाव होतं. तिनं दवंडी दिली, घरोघर सांगितलं, भिणाऱ्यांना समजावलं. एकदा उमाबाई उपकेंद्रात यादी बघत होती. "मावशी, समद्यात वर तुमचं नाव, आन् पुढं खूण न्हाई?"

"त्या दिवशी ताप होता."

"आन् मागच्या मंगळवारी?"

"नायगावला टपाल होतं."

"कालच्याला?"

सरजाबाई पदराशी चाळा करत म्हणाली, "लहानपनी देवीची लस टोचायला मानसं आली व्हती. मी ज्वारीच्या कनगीत लपले. पायाला धरून बाहेर ओढलं मला. त्या सुईचा वन अजून दंडावर हाय." आणि तिनं बाही वर करून रुपयाएवढा गोल डाग दाखवला. तहसीलदारासमोर न घाबरणारी बाई हे सांगताना खाली बघत होती.

उमाबाई हसली नाही. हसू आलं ते तिनं आत ओढलं. तिनं सरजाबाईचा हात धरला आणि रांगेत उभी केली. नर्स बुद्धप्रिया चार वेळा म्हणाली, "मावशी, दंड सैल सोडा." सरजाबाईनं डोळे गच्च मिटले आणि उमाबाईची बोटं इतकी आवळली की दुखलं ते उमाबाईलाच.

"झालं," बुद्धप्रिया म्हणाली.

"काय झालं?"

"लस झाली, मावशी."

सरजाबाईनं एक डोळा उघडला. अर्धा तास बसायचा नियम होता. ती तास बसली. उमाबाई शेजारी बसून राहिली, दोघींनी मिळून एक पुडा चिवडा संपवला. दुसऱ्या दिवशी सरजाबाईचा दंड टम्म सुजला होता. तरी ती भोंगा दुसऱ्या काखेला अडकवून निघाली, आणि गल्लोगल्ली सांगत सुटली, "या, घाबरू नका! मुंगी चावल्यावानी लागतंय, दुसरं काहीच न्हाई!"